खोऱ्याचे दप्तर

१९६२ साली शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले ते कोल्हापूर शहरालगतच्या सागरमाळावर. आणि तेथील भूगोल विभागाला याहून सोयीचा मुलूख क्वचितच लाभला असता, कारण सह्याद्रीच्या माथ्यावरील गगनबावड्यापासून कृष्णाकाठच्या शिरोळापर्यंत, सुमारे शंभर किलोमीटरांच्या टापूत, वार्षिक पर्जन्यमान पाच हजार मिलिमीटरांवरून पाचशेच्या आसपास उतरते, जांभा सरून काळी जमीन लागते आणि भातखाचरे मागे पडून ऊस उभा राहतो. पर्जन्यच्छायेची व्याख्या अन्यत्र पाठ करावी लागते, येथे एस.टी.चे तिकीट काढले तरी पुरे.

अध्यापनाचा शिरस्ता सर्वत्र असतो तोच: प्राकृतिक, मानवी व प्रादेशिक भूगोलाची व्याख्याने आणि जोडीला प्रात्यक्षिके. ज्या स्थलनिर्देशक नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर व लगतच्या दोन समोच्च रेषांत वीस मीटरांचा चढ, त्यावर विद्यार्थी ओढ्यांच्या श्रेणी लावतो. संगणक हे काम क्षणार्धात करतो खरे. परंतु ज्याने हाताने रेषा ओढल्या आहेत त्यालाच संगणकाची चूक दिसते, म्हणून जुना सराव मोडीत काढू नये, असे माझे मत आहे.

संशोधनातील खरी अडचण निराळीच. कासारी, कुंभी, तुळशी व भोगावती यांच्या पाण्याने पंचगंगा होते आणि नृसिंहवाडीस ती कृष्णेला मिळते; व्यवहार सारा खोऱ्याचा, पण दप्तर तालुकावार. शिरगणती जनगणना खात्याकडे, पीकपाणी तलाठ्याकडे, पावसाची नोंद महसूल मंडळाची, धरणाचा विसर्ग पाटबंधाऱ्यांकडे, आणि पुढचे पाणी तर परराज्यात, अलमट्टीला. पाणलोटाच्या कडेवरील गावाचे निम्मे शिवार एका ओढ्याला व निम्मे दुसऱ्याला उतरते. त्याचा आकडा कोणाच्या खाती धरावा, या निवाड्यात अभ्यासकाचा जो काळ जातो, त्याची दखल छापील प्रबंधात परिच्छेदभरही नसते.

राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे कोल्हापुरात पोरासोरांनाही ठाऊक आहे. २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५५ फुटांपलीकडे गेले, २०२१ च्या जुलैत पुन्हा. दर वेळी अलमट्टीवर फिर्याद होते. तिच्या खरेखोटेपणात शिरण्यापूर्वी भूगोलाचा अभ्यासक पंचगंगेचा उतार पाहतो, कारण शहराखाली तो इतका मंद आणि पात्राची वळणे इतकी की, कृष्णा तुडुंब असली म्हणजे पंचगंगेला वाट मिळत नाही व फुगवटा मागे शिवारात पसरतो. निळी पूररेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, असा सरकारी संकेत आहे. १९८९, २००५, २०१९, २०२१ ही सनावळी समोर ठेवून त्या रेषांचे गणित पुन्हा तपासण्याचे काम आता अभ्यासकांच्या नव्या पिढीकडे आले आहे.