ताप उतरल्यावरचा आठवडा

फेब्रुवारी 2022 मध्ये शहापूर तालुक्यातलं वेहळोली गाव एकाएकी बातम्यांत झळकलं. तिथल्या एका फार्मवर शंभरेक कोंबड्या मेल्या, नमुने तपासणीला गेले, एच5एन1 बर्ड फ्लूचं निदान झालं आणि एक किलोमीटर परिघातले सुमारे 25 हजार पक्षी मारायचे आदेश निघाले. यंत्रणा तत्परतेने हलली, ते योग्यच होतं. पण माणसांचा साधा फ्लू शहापूर-मुरबाड तालुक्यांत दरवर्षी येतो आणि त्याची बातमी होत नाही. त्या फ्लूच्या मागोमाग एखाद्याचं हृदय बंद पडलं, तर तो मृत्यू फ्लूच्या खात्यावर चढतही नाही. ‘चार दिवस ताप होता, बरा झाला होता, मग अचानक अ‍ॅटॅक आला,’ एवढंच घरचे सांगतात.

या ‘अचानक’मागे बऱ्याचदा कारण असतं. कॅनडातल्या ओंटारियो प्रांतातल्या संशोधकांनी 2018 मध्ये एक साधा प्रश्न विचारला. फ्लूचं निदान प्रयोगशाळेत पक्कं झालेल्या माणसांना हृदयविकाराचा झटका नेमका कधी आला? अशा 364 झटक्यांचा हिशेब मांडल्यावर दिसलं, की फ्लूनंतरच्या पहिल्या सात दिवसांत झटक्याचं प्रमाण एरवीच्या सहापट होतं. यातली खुबी अशी, की तुलना प्रत्येकाची स्वतःशीच केली होती. तोच माणूस, तीच बिडी, तोच मधुमेह. बदलला तो फक्त आठवडा. त्यामुळे ‘आधीच आजारी लोकांना दोन्ही होतं’ ही पळवाट उरत नाही. त्याआधी 2004 मध्ये ब्रिटनमधल्या अभ्यासातही श्वसनमार्गाच्या संसर्गानंतरच्या पहिल्या तीन दिवसांत झटक्याची शक्यता सुमारे पाचपट आढळली होती.

शरीरात होतं काय? विषाणू घसा-फुफ्फुसात शिरला की रोगप्रतिकारक पेशी इंटरल्युकिन-6 सारखी रसायनं रक्तात सोडतात. ती यकृतापर्यंत पोचतात आणि यकृत सीआरपी नावाचं प्रथिन झपाट्याने बनवू लागतं. सोबत रक्त गोठवणारं फायब्रिनोजेनही वाढतं. तापामुळे नाडी पळते, म्हणजे हृदयाला जास्त प्राणवायू लागतो, आणि नेमका त्याच वेळी भरलेल्या छातीतून तो कमी मिळतो. अशात हृदयाच्या रक्तवाहिनीत वर्षानुवर्षं साठलेला चरबीचा थर असेल, तर दाहामुळे त्याच्यावरचं पातळ आवरण फाटू शकतं. फाटल्या जागी गुठळी धरते आणि वाहिनी बंद होते. ताप उतरला म्हणून हा दाह त्याच दिवशी शमत नाही.

सीआरपी, डी-डायमर, फेरिटिन ही नावं करोनाच्या काळात शहापूरच्या बाजारपेठेतही लोकांच्या तोंडी बसली. कुणाचा ‘स्कोर’ किती, यावर चहाच्या टपरीवर चर्चा व्हायची. डी-डायमर म्हणजे रक्तातली गुठळी विरघळताना सुटणारे तुकडे. ट्रोपोनिन म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यावर रक्तात उतरणारं प्रथिन. सीआरपी मात्र दाह कुठेही असला तरी वाढतं, आणि घोळ होतो तो इथेच.

सीआरपीचा शोध 1930 मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये टिलेट आणि फ्रान्सिस यांनी लावला, तो न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात. आज हृदयाच्या तपासण्यांत मिरवणारी ही चाचणी मुळात फुफ्फुसाच्या आजारातून आली. तिच्या जास्त संवेदनशील प्रकारात, म्हणजे एचएस-सीआरपीत, लिटरमागे 1 मिलिग्रॅमच्या आत असेल तर हृदयविकाराचा धोका कमी, 1 ते 3 मध्यम आणि 3 च्या वर जास्त मानतात. आकडा 10 च्या पुढे गेला तर मात्र अंगात एखादा ताजा संसर्ग किंवा दाह असण्याचीच शक्यता जास्त. मग दोनेक आठवडे थांबून पुन्हा तपासायचं. तापात सीआरपी 60 निघालं, म्हणून ‘हृदय धोक्यात’ असं कुणी सांगितलं, तर त्या आकड्याचा अर्थच चुकला.

शहापूर-मुरबाडमध्ये तर ही चाचणी आणखी जपून वाचायला हवी. पावसाळ्यात लेप्टो आणि मलेरिया, बारमाही क्षयरोग, चुलीचा धूर, मशेरीने सुजलेल्या हिरड्या, शेतात चिघळलेली जखम. इथल्या माणसाच्या रक्तात दाह वाढवायला कारणांची कमी नाही. मुंबई-पुण्याच्या बैठ्या नोकरदाराला लावतात ती पट्टी कातकरी पाड्यावरच्या वीटभट्टी मजुराला जशीच्या तशी लावता येत नाही. म्हणून शिबिरांतून आणि जाहिरातींतून विकली जाणारी ‘फुल बॉडी’ पॅकेजं मला खटकतात. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आणि तंबाखूचा एक सरळ प्रश्न, एवढ्यात इथल्या बहुतेकांच्या धोक्याचा अंदाज येतो. त्यानंतरही डॉक्टरला निर्णय घेता येत नसेल, तर निरोगी दिवसांत केलेलं एचएस-सीआरपी कामाला येतं.

मग दाह हा नुसता साक्षीदार आहे की गुन्हेगार? 2017 च्या कँटोस चाचणीने याचं बरंच उत्तर दिलं. आधी झटका येऊन गेलेले आणि सीआरपी चढं असलेले 10,061 रुग्ण त्यात होते. कोलेस्टेरॉलला हात न लावता फक्त दाह कमी करणारं कॅनाकिनुमॅब दिल्यावर पुढचे झटके, पक्षाघात आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू मिळून सुमारे 15 टक्क्यांनी घटले. पण औषध अतिशय महाग, आणि ते घेणाऱ्यांत जीवघेणे संसर्ग वाढले. पुढे गाउट या सांधेदुखीवरच्या कोल्चिसिन या जुन्या, स्वस्त गोळीकडे सगळे वळले. 2019 च्या चाचणीत तिने आशा दाखवली, 2024 च्या सात हजारांवर रुग्णांच्या चाचणीत मात्र फायदा दिसला नाही. मेडिकलमधून स्वतःहून आणून घ्यायची ही गोळी नव्हे.

त्यामानाने फ्लूची लस हा कितीतरी सरळ उपाय. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयएएमआय चाचणीत आठ देशांतल्या, त्यात बांगलादेशही होता, 2,571 रुग्णांना बहुतांशी झटक्यानंतर लगेच, रुग्णालयातच, फ्लूची लस किंवा नुसतं मिठाचं पाणी टोचलं. वर्षभरात लस घेतलेल्यांत मृत्यू, पुन्हा झटका किंवा स्टेंट बंद पडणं यांचं एकत्रित प्रमाण 28 टक्क्यांनी कमी राहिलं. लशीची वेळ मात्र आपल्या पावसाप्रमाणे ठरवावी लागते. युरोपात फ्लू थंडीचा. महाराष्ट्रात त्याची मोठी लाट जुलै ते सप्टेंबरमध्ये येते आणि लहान लाट थंडीच्या अखेरीस. म्हणजे लस घ्यायची ती एप्रिल-मे महिन्यात, राब भाजून शेतकरी पावसाची वाट बघत असतो तेव्हा. खासगीत ती दीड-दोन हजारांना पडते आणि दरवर्षी घ्यावी लागते. मजुरी करणाऱ्या घराला हा खर्च झेपणारा नाही. राज्य सरकारने गरोदर स्त्रियांसोबत मधुमेह-रक्तदाबाच्या रुग्णांनाही ही लस मोफत द्यायचं धोरण 2015 मध्येच स्वीकारलं. कागदावर धोरण आहे. पाड्यावरच्या रुग्णाला त्याचा पत्ता नसतो.

फ्लूच्या लाटेचा मोसम आणि भाताच्या आवणीचा मोसम एकच. गुडघाभर चिखलात उभं राहून ताप अंगावर काढायचा, कारण आवणी थांबत नाही आणि रोज बुडवून चालत नाही. मग छातीत कळ आली की ‘गॅस झालाय’ म्हणून सोडा प्यायचा. मधुमेहींना आणि बायकांना तर बऱ्याचदा कळही नीट येत नाही. नुसता घाम, दम, मळमळ. अशा वेळी सीआरपीचा काहीच उपयोग नाही. लागतो तो ईसीजी, आणि मग ट्रोपोनिन. त्यातही ट्रोपोनिन चढायला काही तास जातात, त्यामुळे पहिला रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून घरी जायचं नसतं.

दोन तालुक्यांत अंतराचाही फरक आहे. शहापूरला महामार्ग आहे, आसनगाव स्टेशन आहे, उपजिल्हा रुग्णालय आहे. मुरबाडला रेल्वे नाही. टोकावडे-माळशेजकडच्या गावातून निघालेला रुग्ण ग्रामीण रुग्णालय गाठतो, तिथून उल्हासनगर किंवा कल्याण. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या दोन-तीन तासांत सगळ्यात जास्त उपयोगी पडतं, बारा तासांनंतर त्याचा फारसा उपयोग नाही. म्हणून पहिला ईसीजी जवळच्या सरकारी दवाखान्यात निघाला, तर पुढचा सगळा प्रवास शहाणपणाचा होतो.

घरात कुणाला आधी झटका येऊन गेला असेल, स्टेंट असेल किंवा मधुमेह-रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, तर फ्लूच्या तापात त्या गोळ्या बंद करू नका. ताप उतरल्यावर निदान आठवडाभर त्याला जड कामाला लावू नका. छातीत दाब, दम किंवा कारण नसताना घाम आला, तर 108 ला फोन करा. आणि येत्या एप्रिलमध्ये आशाताई किंवा आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना फ्लूच्या लशीबद्दल आवर्जून विचारा.