चौक उघडा का ठेवायचा?



भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या भागांतील जुना वाडा आपण पाहिलाच असेल. दारातून आत जाताच ढाळज. पुढे उघडा चौक, भोवती ओसरी, मागे खोल्या आणि वर मातीचे माळवद. आपण ज्याला अंगण म्हणतो, त्याला आपले कन्नड शेजारी 'अंगळ' म्हणतात.

अशी घरे पूर्व आशियातही आहेत. बीजिंगच्या जुन्या घरात चौकाच्या चारी बाजूंना इमारती असतात. उत्तरेकडील मुख्य दालन दक्षिणाभिमुख, ते वडीलधाऱ्यांचे. दारातून थेट आत दिसू नये म्हणून समोर आडभिंत. आपली ढाळजही पाहुण्याला मानाने बसवते, पण एकदम माजघरात नेत नाही. बीजिंगचा हिवाळा कडक, म्हणून तिथला चौक ऐसपैस. ऊन आत यावे हा हेतू. दक्षिण चीनमध्ये उन्हाळा तीव्र, म्हणून चौक विहिरीसारखा अरुंद. त्याचे नावच 'आभाळाची विहीर' असे आहे.

कोरियाच्या 'हानोक' घरात उन्हाळ्यासाठी लाकडी फळ्यांची हवेशीर बैठक असते. हिवाळ्यात चुलीचा गरम धूर जमिनीखालून फिरवून खोली उबदार करतात. जपानी घराची 'एन्गावा' म्हणजे खोली आणि बाग यांमधील लाकडी ओसरी. तिथे बसून बाग न्याहाळायची. आपल्या ओसरीसमोर मात्र पापड वाळतात, धान्य निवडले जाते, लग्नाचा मांडव पडतो.

आता आपल्याच जिल्ह्यांतील दोन वास्तू पाहू. बिदरचा महमूद गावान यांचा मदरसा (१४७२) मोठ्या चौकाभोवती तीन मजली बांधला आहे. कलबुर्गीच्या किल्ल्यातील जामा मशिदीत (१३६७) मात्र उघडा चौकच नाही. सगळी जागा छताखाली आहे. तरीही आत अंधार नाही, कारण तिच्या बाजूंना मोठ्या उघड्या कमानी आहेत. म्हणजे वरचा उजेड बंद केला, तर तो दुसरीकडून आणावा लागतो.

नेमके हेच आज विसरले जाते. जागा वाढावी म्हणून चौकावर स्लॅब पडतो. वाड्याच्या दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती. कमानी कुठे काढणार? मग मधल्या खोल्यांत भरदुपारी दिवा लावावा लागतो.

कुटुंबाच्या गरजा असतात. वाडा कधीच बदलू नये, असे आमचे म्हणणे नाही. पालकांना विनंती एवढीच, की चौक झाकण्यापूर्वी उजेड आणि वारा कुठून येणार ते ठरवावे. मुलांनी टेप घेऊन चौक मोजावा, वहीत नकाशा काढावा, दुपारी बारा वाजता ऊन कुठवर येते त्याची खूण करावी. प्रत्येक जागेचे नाव आजी-आजोबांना विचारून लिहावे. वाडा गेला तर निदान त्याची मोजमापे आणि नावे आपल्याजवळ राहतील.