धडामधूम, पण हेडफोनमध्ये!

आमच्या बिल्डिंगच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एका रविवारी मेसेज पडला, ‘दुसऱ्या मजल्यावर कुणी चटणी कुटतंय का?’ खाली स्मायलींची रांग. कुटत मीच होतो. शेंगा नव्हे, ड्रम्स!

तसं सोलापुरात आवाजाचं कुणाला वावडं आहे? जानेवारीत गड्ड्याची जत्रा, गणपतीत लेझीम, आणि पूर्व भागात गेलात तर गल्लोगल्ली यंत्रमागांचा खटाक-खटाक. मी त्याच आवाजात वाढलो. बाबांनी तीस वर्षं माग चालवला. घरी आले की टीव्ही असा लावायचे, की अख्ख्या गल्लीला बातम्या फुकट! आम्ही पोरं जाम हसायचो. त्यांचे कान गेलेत, हे कळायला फार उशीर झाला.

म्हणून सेकंडहँड इलेक्ट्रॉनिक ड्रमकिट घेतला तेव्हा शेजाऱ्यांपेक्षा जास्त टेन्शन माझ्याच कानांचं होतं. फंडा सिंपल वाटतो. रबरी पॅडवर काठी मारायची, आवाज फक्त हेडफोनमध्ये. रहिवासी भागात रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, तीही मोडत नाही. पण सोबत गाणं लावलं की गडबड सुरू. आपला स्नेअर ऐकू येईना म्हणून किट वाढवा, मग गाणं बारीक वाटतं म्हणून गाणं वाढवा. दहा मिनिटांत दोन्ही फुल्ल! कामाच्या ठिकाणच्या आवाजाचा अमेरिकेतल्या ‘नायॉश’ या सरकारी संस्थेचा हिशेब असा : ८५ डेसिबल आठ तास चालतात, पण पुढच्या प्रत्येक तीन डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे १०० डेसिबलला उरतात जेमतेम पंधरा मिनिटं. ऑफिसातून आल्यावर माझी प्रॅक्टिस चालते तासभर. करा हिशेब.

उपाय निघाला एका छोट्या मिक्सरमध्ये. (आई म्हणाली, ‘घरात एक आहे की!’) पाच हजारांच्या आत मिळाला, आकार जेवणाच्या डब्याएवढा. एक मोनो चॅनेल, दोन स्टिरिओ आणि हेडफोनचं स्वतंत्र बटण. बस्स! एका स्टिरिओत किट, दुसऱ्यात गाणं, मोनोत मेट्रोनोमची टिकटिक. प्रत्येकाचा आवाज वेगळा कमी-जास्त होतो, हीच खरी मजा. आता किट ऐकू येत नसेल तर मी किट वाढवत नाही, गाणं उतरवतो. टिकटिक थोडी डाव्या कानाकडे सरकवलीय, त्यामुळे ती कमी आवाजातही सापडते. हेडफोन मात्र कान पूर्ण झाकणारा हवा. बाहेरची गडबड आत येत नाही, मग आवाज वाढवायचा मोहही होत नाही.

पहिल्याच दिवशी माझा सॉलिड पोपट झाला. ‘झिंगाट’ लावलं, तर गाणाऱ्यांचा आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा! मला वाटलं, गेले पाच हजार पाण्यात. ऑर्केस्ट्रात साऊंड सांभाळणाऱ्या मित्राला फोन लावला. तो म्हणाला, ‘काय बे, स्टिरिओ पिन मोनो चॅनेलला घातलास काय?’ तेच केलं होतं. त्या चॅनेलचं सॉकेट दोन तारांमधला फक्त फरक उचलतं. डाव्या-उजव्या बाजूला सारखाच असलेला आवाज तिथे एकमेकांना खाऊन टाकतो, आणि गायक तर बहुतेक गाण्यांत बरोब्बर मध्येच असतो. फोनची टिकटिक तशीच लावली तर ती साफच गायब! एका छोट्या पिनेतून दोन मोठे मोनो जॅक निघणारी केबल आणली. गाण्याला दोन्ही जॅक, टिकटिकीला एकच. झिंग परत आली.

ब्लूटूथचा मोह मीही करून पाहिला. काठी आत्ता पडते, आवाज नंतर येतो. वाजवणाऱ्याला वेड लागेल! वायरच हवी. नव्या फोनला हेडफोनची जागाच नाही, त्यामुळे ड्रॉवरमधल्या दोन जुन्या फोनना नोकरी लागली. मिक्सरचा लाल दिवा लुकलुकला तर आवाज फाटतोय समजा आणि गेन उतरवा. बाकी पाच-सहा बटणांचं मी अजून काहीच केलेलं नाही.

आणि ती चटणी? तो आवाज पायाच्या पेडलचा होता, थेट स्लॅबमधून खाली जाणारा. त्यावर मिक्सर काय करणार? एक सोलापुरी चादर चौपदरी घालून पाहिली, उपयोग शून्य. शेवटी दोन प्लायवूडच्या फळ्यांमध्ये टेनिसचे चेंडू बसवले आणि किट त्यावर चढवला. खालच्या काकूंनी ग्रुपवर अंगठा टाकला.

परवा बाबा खोलीत आले. बराच वेळ माझे हलणारे हात बघत उभे होते. मी हेडफोन काढून त्यांच्या कानाला लावला आणि साधा ठेका धरला.

‘आवाज वाढव की,’ ते म्हणाले.

मी वाढवला नाही. त्यांचा हात धरून खालच्या फळीवर ठेवला आणि पेडल दाबलं. त्यांनी मान डोलावली, पण हात काही काढला नाही.