टोमॅटोच्या झाडाला आधार : केव्हा, कसा आणि किती?

अंगणाचा एखादा कोपरा, गच्चीवरील चार कुंड्या किंवा खिडकीच्या जाळीत ठेवलेले दोन डबे, एवढीच परसबाग आज पुष्कळ घरांच्या वाट्याला आली आहे. तरीही या तोकड्या जागेत टोमॅटोचे, म्हणजे विदर्भात ज्याला भेदरे म्हणतात त्याचे, एखादे रोप हमखास लावले जाते. ते जोमाने वाढते, फुलते, हिरवी फळे धरते. आणि नेमके फळे भरण्याच्या दिवसांत एखाद्या जोरदार सरीत आडवे होते. खोड पिचते, मातीला टेकलेली फळे सडतात आणि दोन-अडीच महिन्यांची मेहनत एका रात्रीत वाया जाते. ‘आमच्या मातीत टोमॅटो येतच नाही’ असा निष्कर्ष काढून अनेक जण मग पुन्हा त्या वाटेला जात नाहीत. दोष बहुधा मातीचा नसतो. वेळेवर न दिलेल्या आधाराचा असतो. म्हणून या लेखात आम्ही त्या आधाराचाच विचार करणार आहोत.

आधाराची गरज का पडते?

काकडी, दोडका, कारले हे वेल आपल्या तणाव्यांनी मांडवाला धरून वर चढतात. टोमॅटोला असे तणावे नसतात. दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम भागातील अँडीज पर्वताचा परिसर हे त्याच्या रानटी जातींचे माहेर होय. तेथे या जाती जमिनीवर पसरतात, खोड जेथे मातीला टेकते तेथे नवी मुळे फुटतात, आणि त्यांची फळेही अगदी लहान असतात. माणसाने निवड करत करत फळ मोठे केले. खोड मात्र फारसे बळकट झाले नाही. एका घोसात चार-पाच फळे आणि प्रत्येक फळ 80 ग्रॅमचे धरले, तरी पाच घोसांचे वजन दीड ते दोन किलो भरते. बोटाएवढ्या जाडीच्या रसाळ खोडाला हा भार एकट्याने पेलवत नाही.

दुसरे कारण रोगाचे. करप्याची बुरशी मातीत आणि जुन्या पालापाचोळ्यात टिकून राहते. पावसाचे किंवा झारीचे थेंब जमिनीवर आपटले की मातीच्या शिंतोड्यांबरोबर ती खालच्या पानांवर पोचते. झाड उभे राहिले, त्यात वारा खेळता राहिला आणि पाने लवकर सुकली, तर रोगाचा जोर कमी होतो.

आधी झाडाची जात ओळखावी

टोमॅटोचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. मर्यादित वाढीची झाडे दोन-तीन फुटांवर थांबतात, झुडपासारखी पसरतात आणि त्यांची बरीचशी फळे थोड्या दिवसांतच तयार होतात. ‘रोमा’ हे वाण या प्रकारचे. अमर्यादित वाढीच्या झाडांचा शेंडा मात्र वाढतच राहतो. ती सहा फुटांच्याही वर जातात आणि दीर्घकाळ फळे देतात. ‘पुसा रुबी’ आणि बहुतेक चेरी टोमॅटो या प्रकारात मोडतात. रोपे किंवा बियाणे विकत घेताना हा एक प्रश्न अवश्य विचारावा, कारण आधाराची निवड त्याच्या उत्तरावर अवलंबून असते.

आधाराच्या चार पद्धती

पहिली पद्धत एका काठीची. उंच वाढणाऱ्या झाडासाठी सहा फुटांची बांबूची काठी घ्यावी व ती किमान एक फूट जमिनीत रोवावी. रोपापासून चार बोटांचे अंतर पुरेसे आहे. काठी रोप लावतानाच रोवावी, हा यातील सर्वांत महत्त्वाचा नियम. महिनाभराने रोवलेली काठी पसरलेली मुळे तोडत खाली जाते.

दुसरी पद्धत पिंजऱ्याची. बुटक्या, पसरट झाडांना ती उत्तम. झाडाभोवती तीन-चार काठ्या रोवून त्यांना वीतभर अंतरावर सुतळीचे वेढे द्यावेत, किंवा सहा फूट लांबीची लोखंडी जाळी गोल वळवावी; सुमारे दोन फूट व्यासाचा पिंजरा तयार होतो. जाळीची घरे हात आत जाऊन फळासह बाहेर येईल एवढी मोठी असावीत.

तिसरी पद्धत ओळीत लावलेल्या झाडांसाठी. दर दोन-तीन झाडांनंतर एक मजबूत खुंट रोवावा आणि सुतळी झाडांच्या एका बाजूने नेऊन दुसऱ्या बाजूने परत आणावी, म्हणजे झाडे दोन्ही सुतळ्यांच्या मध्ये सरळ उभी राहतात. झाड वीतभर वाढले की वर नवा पदर द्यावा. जुन्नर आणि नाशिक भागांतील शेतकरी बांबू, तार व सुतळी यांच्या साहाय्याने एकरच्या एकर टोमॅटो उभा करतात. त्याच विचाराचे हे घरगुती रूप होय.

चौथी पद्धत वरून सोडलेल्या दोरीची. गच्चीवरील लोखंडी पाइप किंवा गॅलरीचा गज यावरून दोरी खाली सोडावी, तिचे टोक खोडाच्या तळाशी सैल बांधावे आणि शेंडा वाढेल तसा तो दोरीभोवती अलगद गुंडाळत जावा. कुंडीतील भुसभुशीत मातीत एकटी काठी डळमळते, म्हणून तेथे ही पद्धत सोयीची. अन्यथा कुंडीच्या कडेने तीन काठ्या रोवून त्यांची टोके वर एकत्र बांधावीत. भारावलेली कुंडी वाऱ्याने कलंडते. तिला कठड्याशीही बांधून घ्यावे.

बांधण्याची रीत

बारीक तार किंवा नायलॉनची दोरी खोडात रुतते. त्यापेक्षा जुन्या सुती साडीच्या वा धोतराच्या बोटभर रुंद पट्ट्या उत्तम. पट्टी काठीला घट्ट आणि खोडाला सैल असावी. काठी व खोड यांच्या मध्ये पट्टीची तिढी पडून मराठी चारच्या (४) आकड्यासारखा फास तयार झाला, म्हणजे खोड काठीवर घासत नाही. फासात करंगळी सहज शिरली पाहिजे, कारण खोड पुढे जाड होणार असते. बांधणी पानाच्या देठाखाली करावी. फळांच्या घोसाखाली लगेच करू नये. आठवड्यातून एकदा पाहणी केली की पुरते.

उंच जातीच्या झाडात पान आणि खोड यांच्या बेचक्यातून नवे फुटवे येतात. एका काठीवर एक किंवा दोन फांद्या ठेवून बाकीचे फुटवे कोवळे असतानाच, कोरड्या हवेत, बोटांनी खुडावेत. बुटक्या जातीचे फुटवे मात्र खुडू नयेत. फळे त्यांवरच धरतात. उन्हाळ्यात पाने फार विरळ करू नयेत, कारण उघड्या पडलेल्या फळांवर उन्हाचे पांढरट चट्टे उठतात.

घरात लहान मुले वावरत असतील, तर त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला येणाऱ्या काठ्यांच्या टोकांना कापडाची गुंडी किंवा बाटलीचे झाकण बसवावे. हंगाम संपल्यावर काठ्या धुऊन कडक उन्हात वाळवाव्यात, जुन्या पट्ट्या टाकून द्याव्यात आणि पुढच्या वर्षी त्याच मातीत पुन्हा टोमॅटो, वांगी, मिरची किंवा बटाटा लावू नये. ही सारी एकाच कुळातील असून त्यांचे अनेक रोगही समान आहेत.

या कामाला खर्च जवळजवळ नाही. एक काठी, जुन्या कापडाच्या पट्ट्या आणि आठवड्यातील दहा मिनिटे एवढेच लागते. हिवाळी लागवडीसाठी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये रोप आणाल, तेव्हा त्याच फेरीत काठीही आणावी आणि दोन्ही एकाच दिवशी मातीत जावीत, एवढीच आमची वाचकांना विनंती आहे.