बांधावरचा म्हातारा

२०२४ ची एप्रिल खरड छाटणी उरकली, काड्यांचा शेवटचा भारा कुट्टा करणाऱ्या चिपरच्या तोंडात गेला आणि संध्याकाळी मी सहज जुन्या वह्या काढून बसलो. चिपरची पहिली नोंद सापडली एप्रिल २०१२ ची. म्हणजे बारा वर्षं झाली. या काळात द्राक्षाच्या पंचवीस छाटण्या झाल्या, चिपर बदलला, पाती कितीदा बदलली त्याची मोजदाद नाही. बदलला नाही तो फक्त ट्रॅक्टर. आमच्या अण्णांनी १९८९ साली घेतलेला, ३५ अश्वशक्तीचा, एकेरी क्लचचा.

खरं तर तो तेव्हाच निवृत्त व्हायचा होता. आमच्या निफाड भागात द्राक्षबागा वाढल्या आणि मोठ्या ट्रॅक्टरची पंचाईत झाली. मांडवाखाली शिरायला तो उंचही पडतो आणि रुंदही. फवारणीला आम्ही मिनी ट्रॅक्टर घेतला, नांगरणी भाड्याने करून घेऊ लागलो आणि म्हातारा शेडमध्ये धूळ खात बसला. भंगारवाला दोनदा येऊन भाव सांगून गेला होता.

त्याच काळात काड्यांचा प्रश्न उभा राहिला. बागेची छाटणी वर्षातून दोनदा होते, एप्रिलमध्ये खरड आणि ऑक्टोबरमध्ये गोडी. पूर्वी या काड्या चुलीला जायच्या. मजूर बायका मोळ्या बांधून घरी न्यायच्या, बांधावर काही उरत नसे. घरोघरी गॅस आला, तशी काड्यांना विचारणारं कुणी राहिलं नाही. ढीग लागायचे आणि एके दिवशी पेटवले जायचे. शेजारच्या ओळीची पानं करपायची, बागेचं सोनं धुरात जायचं. शेवटी मी चिपर घ्यायचं ठरवलं. तो चालवायला वेगळं इंजिन कशाला, असं म्हणत अण्णांनी शेडकडे बोट दाखवलं.

जुन्या ट्रॅक्टरला नवं यंत्र बसेल का, ही माझी पहिली शंका. बसलं. मागच्या पीटीओच्या, म्हणजे इंजिनाची ताकद बाहेर देणाऱ्या, दांड्याला सहा खाचा, चिपरच्या शाफ्टलाही सहा. वेग दोन्हीकडे मिनिटाला ५४० फेरे. हा मेळ आपोआप जमलेला नाही. अमेरिकेतल्या कृषी अभियंत्यांच्या संस्थेने १९२७ साली पीटीओचा वेग आणि फिरण्याची दिशा ठरवून दिली. तेव्हाचा आकडा ५३६ होता, पुढे तो ५४० झाला. त्या शिस्तीचा लाभ म्हणजे, नव्या कोऱ्या यंत्राशी आमच्या म्हाताऱ्याची सोयरीक पाच मिनिटांत जुळली.

संसार मात्र लगेच जमला नाही. पहिली चूक माझीच. विक्रेत्याने 'सहा इंची लाकूड सहज' असं सांगितलं आणि मी मोठा चिपर घेतला. द्राक्षाच्या काड्या तो झपाट्याने खायचा, पण बांधावरच्या बाभळीची मनगटाहून जाड फांदी गेली की इंजिन कण्हायचं, फेरे उतरायचे आणि तोंड गच्च व्हायचं. इंजिनाची ३५ अश्वशक्ती पीटीओपर्यंत पूर्ण पोचत नाही, हे गणित मी केलंच नव्हतं. तीन वर्षांनी तो विकून चार इंची घेतला. काम हळू झालं नाही, उलट वाढलं, कारण अडकणं थांबलं.

दुसरी चूक महागात गेली असती. २०१२ चीच गोष्ट. एका ढिगाचं काम संपलं म्हणून पीटीओ चालूच ठेवून, पहिल्या गिअरमध्ये मी पुढच्या ढिगाकडे निघालो. कोपऱ्याशी आल्यावर क्लच दाबला. ट्रॅक्टर थांबला नाही. चार-पाच फूट तसाच रेटत गेला आणि मांडवाचा कोपऱ्याचा खांब वाकवून उभा राहिला. मला वाटलं क्लच गेला. अण्णा शांतपणे म्हणाले, "क्लच नाही गेला रे, चिपर ढकलतोय त्याला."

त्यांचं बरोबर होतं. एकेरी क्लचच्या ट्रॅक्टरमध्ये चाकं आणि पीटीओ एकाच गिअरबॉक्सला जोडलेले. क्लच दाबला की इंजिन सुटतं, पण चिपरचं जड चक्र फिरतच राहतं आणि त्याचा जोर उलटा गिअरबॉक्समधून चाकांवर येतो. पीटीओ गिअरपासून मोकळा ठेवण्याची सोय दुसऱ्या महायुद्धानंतर कॅनडाच्या कॉकशट कंपनीच्या '३०' ट्रॅक्टरवर आली. पुढे दुहेरी क्लचही आले, पण आमच्याकडे एकेरी क्लचचे ट्रॅक्टर बरीच वर्षं विकले गेले. यावर उपाय साधा निघाला. पीटीओच्या दांड्यावर फ्रीव्हील बसवलं. सायकलच्या मागच्या चाकासारखंच ते, एका बाजूला ओढतं आणि उलट्या जोराला मोकळं सुटतं. त्याने लांबी वाढली म्हणून शाफ्टच्या दोन्ही नळ्या आणि वरचं प्लॅस्टिकचं कव्हर तेवढंच कापावं लागलं. नाहीतर वळणावर शाफ्ट आत टेकून गिअरबॉक्सलाच धक्का देतो. आणि घरात नियम झाला की चिपर फिरत असताना ट्रॅक्टर जागचा हलवायचा नाही. काड्या ट्रॅक्टरकडे येतील, ट्रॅक्टर काड्यांकडे जाणार नाही.

२०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट इकडे कुणी विसरणार नाही. बागा झोडपून निघाल्या, फुटलेल्या काड्यांचे आणि मोडलेल्या झाडांचे ढीगच्या ढीग पडले. त्या पंधरा दिवसांत म्हातारा रोज सहा-सात तास बांधावर उभा होता. तासाला तीन-साडेतीन लिटर डिझेल घेई. फेऱ्यांचं मीटर केव्हाच बंद पडलेलं, म्हणून अण्णा कानाने वेग लावायचे. एकदा गॅरेजवाल्याने फेरे मोजायचं यंत्र आणून पाहिलं, तर अण्णांचा कान ५४० च्या दहा-पंधरा इकडेतिकडे होता. त्या जागी हाताच्या रेसच्या दांडीवर मी मुलीच्या नेलपेंटची लाल खूण केली. अण्णा आता नाहीत, खूण आहे.

पात्यांनी बरंच शिकवलं. काड्यांसोबत मांडवाच्या तारेचा एखादा तुकडा गेला की धार गेली. चिपरमधून टपोऱ्या चकत्यांऐवजी भुसा आणि दोरे येऊ लागले, की समजायचं पातं बोथट झालं. धार लावताना घाई केली तर पोलाद निळं पडतं आणि पात्याचं पाणी उतरतं. फिरतं पातं आणि खालची पट्टी यांत आम्ही लोखंड कापायच्या दोन पात्यांच्या जाडीएवढी फट ठेवतो.

ओल्या कुट्ट्यालाही वेळ द्यावा लागतो. पहिल्या वर्षी मी तो थेट मातीत मिसळला आणि वेली पिवळ्या पडल्या. कच्चं लाकूड कुजताना जमिनीतला नत्र ओढून घेतं. आता भुरी-केवड्याच्या काड्या असोत नसोत, सगळा कुट्टा आधी शेण, पाणी आणि ट्रायकोडर्मा घालून ढिगात कुजवतो, मगच बागेत नेतो. २०२० च्या टाळेबंदीत द्राक्षं वेलीवर राहिली, हातात पैसा नव्हता, तेव्हा खताचा मोठा आधार या ढिगांचाच झाला.

एक गोष्ट मात्र वहीत लिहून भागत नाही. मिनिटाला ५४० म्हणजे सेकंदाला नऊ फेरे. पदर, ओढणी, उपरणं शाफ्टला लागलं तर माणसाला ओरडायलाही सवड मिळत नाही. आमच्याकडे काड्या वेचायला बायकाच येतात, म्हणून शाफ्टभोवती दोरी बांधतो आणि यंत्रात काड्या घालायचं काम एकाच माणसाकडे देतो. कव्हर नसलेला शाफ्ट आमच्या बांधावर सुरू होत नाही.

बारा वर्षांचा हिशेब मांडला तर म्हाताऱ्याने मला ताकदीसाठी कधीच अडवलं नाही. अडलो ते माझ्या हावेमुळे आणि घाईमुळे. तुमच्याही शेडमध्ये असा एखादा ट्रॅक्टर असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी तीन गोष्टी पाहा: क्लच एकेरी आहे की दुहेरी, पीटीओवर खरी ताकद किती मिळते, आणि शाफ्टवर कव्हर आहे का. चिपर त्या मापाने घ्या, ट्रॅक्टरला चिपरच्या मापाने ताणू नका.