तुडतुड्यांच्या मागावर मोठ्या डोक्याची माशी

महामार्ग सोडून पश्चिमेला भोर, वेल्ह्याच्या दिशेने निघाले की डोंगर जवळ येऊ लागतात आणि भाताची खाचरे वाढत जातात. आवणी उरकून चुडांना फुटवे आले की शेतकऱ्याची नजर तुडतुड्यांवर असते. तपकिरी तुडतुडे बुंध्याशी बसून रस शोषतात. ते फार वाढले तर उभ्या पिकात करपल्यासारखे गोल चट्टे पडतात. हिरवे तुडतुडे पानांवर असतात आणि त्यांच्या काही जाती टुंग्रो या विषाणूजन्य रोगाचा प्रसार करतात.

या तुडतुड्यांच्या पोटात वाढणारी एक माशी आहे. मराठीत तिला रूढ नाव नाही. इंग्रजी नावाचा सरळ अर्थ ‘मोठ्या डोक्याची माशी’ असा होतो आणि तो चपखल आहे. भातातल्या जाती जेमतेम काही मिलिमीटर लांबीच्या, काळपट रंगाच्या. पण डोके छातीपेक्षाही रुंद, जवळजवळ चेंडूसारखे गोल. हे डोके म्हणजे खरे तर डोळेच. दोन संयुक्त डोळ्यांनी ते जवळपास पूर्ण व्यापलेले असते. बहुतेक प्रजातींच्या नरांत दोन्ही डोळे कपाळावर एकमेकांना टेकतात, तर मादीत मध्ये अरुंद पट्टी राहते. मादीच्या डोळ्यांतली समोरच्या बाजूची भिंगे मात्र बाकीच्यांपेक्षा मोठी असतात. तुडतुडा शोधण्याचे काम तिचे असल्याने हे सोयीचेच.

ही माशी हेलिकॉप्टरसारखी हवेत एका जागी तरंगू शकते. पानांच्या दाटीतून हळूहळू फिरत ती तुडतुडा हेरते, झडप घालून पकडते, अनेकदा उचलून हवेत नेते आणि अंडे त्याच्या शरीरात टोचून सोडते. त्यासाठी तिच्या पोटाच्या टोकाला सुईसारखी कडक नळी असते. सुटलेला तुडतुडा काही झालेच नाही अशा थाटात पुन्हा पानावर बसतो. आत अळी वाढत जाते, त्याचे पोट फुगते. वाढ पूर्ण झाली की अळी पोट फाडून बाहेर पडते, तुडतुडा मरतो, आणि अळी मातीत किंवा झाडावर कोषात जाते.

काही वेळा अळीमुळे तुडतुड्याचे जननेंद्रियच खुंटते किंवा बदलते. फ्रेंच शास्त्रज्ञ आल्फ्रेद झियार यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अशा परजीवींमुळे येणाऱ्या वंध्यत्वाचा अभ्यास केला होता. तुडतुड्यांच्या जाती जननेंद्रियांवरून ओळखतात. तेव्हा असा बिघडलेला नमुना अभ्यासकालाही चकवू शकतो.

वर्गीकरणात ही माशी द्विपंखी कीटकांच्या पिपन्क्युलिडी कुळात येते. जगभरात या कुळाच्या सुमारे १,४०० जातींची नोंद आहे. बहुतेकींच्या अळ्या तुडतुड्यांच्या गणगोतावर वाढतात. नेफ्रोसेरस ही प्रजाती मात्र लांब पायांच्या टिप्युला माश्यांवर. कुळाच्या नावाचाही एक घोळ आहे. लत्रेय यांनी १८०२ मध्ये पिपन्क्युलस हे नाव दिले, पण मायगेन यांनी १८०० मध्येच डोरिलस हे नाव छापले होते. त्यामुळे अनेक ग्रंथांत हे कुळ डोरिलेडी म्हणून भेटते. प्राणिनामांचे नियमन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाने १९६३ मध्ये मायगेन यांची १८०० ची नावे बाद ठरवली आणि वाद मिटला.

भारतातल्या जातींचा पाया एन्रिको ब्रुनेट्टी यांनी घातला. हा गृहस्थ व्यवसायाने संगीतकार, कलकत्त्यात राहून माश्यांचा अभ्यास करणारा. ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ मालेतला त्यांचा १९२३ चा खंड याच कुळापासून सुरू होतो. आशियातल्या भातशेतीत हिरव्या तुडतुड्यांवर आढळणाऱ्या जातींपैकी टोमोसव्हरिएला ओरायझेटोरा हिचे वर्णन १९५९ मध्ये जपानमध्ये झाले. ‘ओरायझा’ म्हणजे भात. टोमोसव्हरिएला ओळखायची एक खूण पंखात आहे. युडोरायलस या जवळच्या प्रजातीत पंखाच्या वरच्या कडेला गडद ठिपका असतो, हिच्यात तो नसतो. पण नेमकी जात ठरवायला नराचे जननेंद्रिय सूक्ष्मदर्शकाखाली पाहावेच लागते. मग एकट्या सापडलेल्या मादीचे काय? तिची जोडी जुळवणे ही या अभ्यासातली जुनी डोकेदुखी. डीएनएची मदत आता होऊ लागली आहे.

ही माशी माणसाला चावत नाही. ती एकटी भात वाचवते असेही नाही. तपकिरी तुडतुड्यांवर कोळी आणि काही ढेकण्यांचा धाक अधिक. पण सरसकट फवारणीत हे सगळेच मरतात. तपकिरी तुडतुड्यांची अंडी मात्र पानाच्या आवरणात सुरक्षित राहतात आणि पिल्ले बाहेर येतात ती शत्रू नसलेल्या शेतात. त्यामुळे फवारणीनंतर तुडतुडे उलट वाढल्याचे आशियात अनेक ठिकाणी दिसले. इंडोनेशियाने १९८६ मध्ये भातावर ५७ कीटकनाशकांना बंदी घातली ती याच कारणाने. फवारणाऱ्याच्या अंगावर काय उडते हा प्रश्न वेगळाच. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना झालेल्या विषबाधेने शेतकऱ्यांचे, मजुरांचे जीव गेले.

औषधाचा पंप पाठीवर घेण्यापूर्वी चुडागणिक तुडतुडे मोजावेत, असे कृषी सल्ल्यात सांगतात. मोजताना एखाद्याचे पोट वेडेवाकडे फुगलेले दिसले, तर तो झाकण म्हणून पातळ कापड बांधलेल्या बरणीत भाताच्या रोपासकट ठेवता येतो. तळाशी थोडी ओली माती हवी. अळी बाहेर पडली तरी ती कुणाची हे लगेच कळत नाही. त्यासाठी कोषातून माशी निघेपर्यंत थांबावे लागते.