हृदयाची कॅल्शियम तपासणी : शून्याचा अर्थ

‘वैद्यराज, अंक शून्य आला, आता गोळ्या बंद ना?’ हृदयाच्या स्कॅनचा अहवाल पुढे ठेवून एका मधुमेही गृहस्थांनी मला विचारले. व्यवसायबंधूंनाही हा प्रश्न येत असेलच.

या सी.टी. तपासणीत हृदयाला रक्त पुरविणाऱ्या धमन्यांच्या भित्तीतील कॅल्शियम मोजतात; शिरेतून रंगद्रव्य द्यावे लागत नाही. अॅगॅट्स्टन प्रभृतींनी १९९० साली मांडलेल्या पद्धतीने अंक काढतात. १०० पासून पुढे धोका लक्षणीय, ४०० च्या वर तो फारच मानावा. परंतु ज्यात कॅल्शियम साचलेले नाही असा मृदू मेदसंचय येथे दिसत नाही. म्हणून मधुमेही व धूम्रपान करणाऱ्यांनी शून्यावर विसंबू नये. श्रमाने उरःशूल होणाऱ्यास तर या तपासणीत गुंतवूच नये. त्याला तत्काळ हृद्रोगतज्ज्ञांकडे धाडावे. हृदय त्रिमर्मांपैकी एक आहे, हे आपणांस कोणी सांगावयास नको!

औषधविक्रेत्या बंधूंना विनंती, ‘कॅल्शियम विरघळविणारा’ म्हणून कोणताही काढा देऊ नये. स्टॅटिनने मृदू संचय कठीण होऊन अंक वाढूही शकतो. तेव्हा वाढलेला अंक म्हणजे औषधाचे अपयश नव्हे.

त्या गृहस्थांच्या गोळ्या मी चालूच ठेवविल्या.